ईराचं स्पॅनिश आणि गुरुजींची चाल

६ जानेवारी
ऊन छान. गॅलरीत खुर्ची टाकून बसलो. ईरा शाळेतून आली ती थेट स्वयंपाकघरात. स्पॅनिशच्या तासाला नवा प्रकल्प: तिकडचा एक पदार्थ घरी करून न्यायचा. नातीच्या वाट्याला आलं बटाट्याचं जाड ऑम्लेट. सूनबाई म्हणाल्या, "अंडं या ओट्यावर चढणार नाही. स्पेनचं असो नाहीतर पैठणचं." मायलेकींची बोलणी बराच वेळ. शेवटी अंड्याच्या जागी बेसन. चव बघायला मी होतोच.

७ जानेवारी
स्पॅनिशच्या तरन्नुम मॅडमनी डबा उघडला आणि म्हणाल्या म्हणे, "ईरा, ये तो अपना धिरडा है." ही म्हणाली, बटाटा आहे ना त्यात. मॅडमनी दोन तुकडे खाल्ले. गुण दिले, वर ताकीद: स्पेनमध्ये कुणाला सांगू नको.
दिवसभर हसू येत होतं.

९ जानेवारी
जेवताना विषय निघालाच. नववीला संस्कृत की स्पॅनिश, ते महिनाअखेर शाळेला कळवायचं. मुलगा सुधीर वाळूजच्या कारखान्यातून शिफ्ट करून आलेला, दमलेला. "आबा, संस्कृतला पैकीच्या पैकी पडतात. कंपनीत जर्मन येतात, जपानी येतात. स्पेनचा माणूस मी अजून बघितला नाही."
ईरा ताटातल्या भातावर रेघा ओढत होती. "मला स्पॅनिशच पाहिजे, पप्पा."
"पालकांपुढं कार्यक्रम आहे ना तुमचा? तिथं बघू काय येतं ते. मग ठरवू."
म्हणजे परीक्षाच. संस्कृत सुभाषितं अजून जिभेवर आहेत, त्यामुळे त्याच्या बाजूनेही बोलावंसं वाटतं. पण पोरीचा चेहरा…

१२ जानेवारी
आजचा दिवस जपून ठेवावा असा.
नवा प्रकल्प, कार्यक्रमासाठी. घरातल्या एका माणसावर स्पॅनिशमध्ये चार ओळींची कविता करायची आणि त्याच माणसाला बरोबर उभं करून म्हणायची. ईराने मला निवडलं. पंचाहत्तरी गाठली, जन्मभर दुसऱ्यांच्या कविता पाठ केल्या. माझ्यावर कुणी केली नव्हती. उतरवून घेतो:

मि आबुएलो तिएने उना सिया,
ला सिया मिरा अल सोल;
एल सोल से वा अ लास सेईस,
मि आबुएलो दिसे: नो.

माझ्या आजोबांची एक खुर्ची आहे, खुर्ची उन्हाकडे बघते, ऊन सहाला जातं, आजोबा म्हणतात: नाही.
आबुएलो म्हणजे आजोबा. आपला आबाच, शेपूट तेवढं लांब.
मी म्हटलं, "गॅलरीतलं ऊन तर साडेचारलाच समोरच्या बिल्डिंगमागं जातं." म्हणाली, "आबा, कविता आहे. वेळापत्रक नाही."
दुसरी ओळ आणि शेवटचं "नो" मी म्हणायचं.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ. पाठांतर सुरू. कन्नड गावच्या शाळेत आमच्या गुरुजींची एकच चाल होती. पाऊस असो, लढाई असो, आईची माया असो, चाल तीच. टेबलावर डस्टर आपटून ठेका. खडूची धूळ उडायची, खिडकीतून उन्हाचा पट्टा यायचा, त्यात ती सोन्यासारखी… असो. त्या चालीत एकदा गेलेली कविता मरेपर्यंत निघत नाही. ईराला तीच लावून दिली. अर्ध्या तासात पाठ. आबुएलोवर मान डावीकडे, सोलवर उजवीकडे.
सूनबाई पोळ्या लाटता लाटता म्हणायला लागल्या.

१६ जानेवारी
सकाळी फिरताना बाबूरावाला म्हणून दाखवली. हा मुकुंदवाडीचा, माझ्या जोडीचा. लहानपणी बापामागं मेंढरं राखली, मग रेल्वेत लागला. म्हणाला, "म्हातारपणी कुठं निघालास रं?"
म्हटलं, स्पेनला.
"वहिनी असत्या तर लई हसल्या असत्या." व्हय, हसली असती.

१९ जानेवारी
वाईट झालं. वर्गात सराव होता. ईराने चालीत म्हटली, मान डोलावत. सगळा वर्ग खो खो. मॅडम हसल्या नाहीत, पण म्हणाल्या, "बेटा, स्पॅनिश अशी झुलत नाही. बोलतात तशी म्हण. शब्दाचा जोर कुठल्या कुठं जातोय."
आल्यावर दप्तर फेकलं. "आबा, आता ती चाल डोक्यातून जाईना. साधं म्हणायला गेलं तरी सूर लागतोय."
म्हणून बघितलं. खरंच. मलाही साधं म्हणता येईना. निघत नाही ही त्या चालीची थोरवी मीच सांगत होतो इतकी वर्षं.
सुधीर पलीकडे बूट काढत होता. कार्यक्रम कधी आहे, एवढंच विचारलं. तेच जास्त लागलं.

२१ जानेवारी
दोन दिवस उपाय चालू. हळू म्हणून बघितलं, कुजबुजून बघितलं, जिना चढता चढता बघितलं. पायऱ्यांनाही ठेका लागतो. ईरा म्हणाली, "राहू द्या आबा, संस्कृतच घेते." हे बोलताना माझ्याकडे बघत नव्हती.
जेवण गेलं नाही.

२२ जानेवारी
बाबूरावाला सगळं सांगितलं. त्याने तंबाखू मळली, विचार केला.
"गाणं म्हणूच नका. भांडा."
म्हटलं, काय?
"अरं, बायकोशी भांडताना कधी चाल लागली का तुला? नातीला म्हणावं, आज्याला झाप. ऊन गेलं, उठ म्हणावं. तू नाय म्हण."
घरी येऊन ईराला सांगितलं. आधी तोंड वाकडं केलं. मग कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली आणि असं काही झापलं मला स्पॅनिशमध्ये की मी खरोखर खुर्ची घट्ट धरली. आणि "नो" असं निघालं की सूनबाई आतून धावत आल्या, काय झालं म्हणून.
सूर गेला. एकदाही आला नाही.

२४ जानेवारी
कार्यक्रम. इस्त्रीचा सदरा. सुधीर रजा टाकून आला, मागच्या रांगेत हाताची घडी घालून.
आमच्या आधी एका मुलाने आईवर म्हटली, आई रडली. मग आम्ही. शाळेची लोखंडी खुर्ची मला दिली, गार. ईरा कमरेवर हात ठेवून सुरू झाली. माझ्या ओळीला, काय सांगू, जीभ घसरली. "ला सिया"वर गुरुजी आलेच. मानही डावीकडे निघाली. ईराने असे डोळे वटारले की तिच्या आजीचेच. मान जागच्या जागी. उरलेली ओळ धडपणे म्हटली. पुढं तिने सूर्य सहाला घालवला, मला उठायची खूण केली, आणि मी "नो".
हॉल हसला. हसू वेगळं होतं, त्या दिवशीच्या वर्गातलं नव्हे. मॅडम म्हणाल्या, "दादाजी, आपने तो जान डाल दी. पर वो दूसरी लाइन…" म्हटलं, लहानपणची सवय आहे, माफ करा.
मागच्या रांगेत बघितलं. सुधीरच्या हाताची घडी सुटली होती. हसत होता की नाही, चष्म्याशिवाय दिसलं नाही.

२५ जानेवारी
घरात विषय कुणी काढेना. ईरा पप्पांच्या मागे मागे, पाणी देते, टॉवेल देते. शेवटी तोच म्हणाला, "बरं म्हटलंस. पण गुण पडायला नुसती एक कविता पुरत नाही."
"आणखी करीन."
"कुणावर?"
"मम्मीवर. बाबूराव आजोबांवर."
टॉवेल खांद्यावर टाकत म्हणाला, "माझ्यावर नाही?"
"तुमच्यावर काय करू, पप्पा? तुम्ही घरात असता कुठं?"
खोचून बोलली नाही. खरंच विचारत होती. शिफ्टची बस आली म्हणत सुधीर उठला. बसला वेळ होता अजून.

२९ जानेवारी
सुधीर गेले चार दिवस लवकर घरी येतोय. विचारलं तर म्हणे, काम कमी आहे. वाळूजला काम कमी असल्याचं मी कधी ऐकलं नाही.

३१ जानेवारी
आज शाळेला कळवायचं. सुट्टी घेतली सुधीरने. सकाळी जेवायच्या टेबलाशी पेपर उघडून बसला. समोर ईरा, वही घेऊन. शाळेचा कागद मध्ये, भाषेची जागा कोरी.
"कर काय ती कविता. मग सही करतो," म्हणाला. कुठल्या भाषेवर, ते सांगितलं नाही. ईरानेही विचारलं नाही.
तिने त्याच्याकडे बघायचं, पेन चावायचं, लिहायचं, खोडायचं. त्याने पेपर वाचतोय असं दाखवायचं. पान उलटत नव्हता. फोटो काढताना बसतात तसा, ताठ. एकदा नाक खाजवायला हात उचलला, तर ही म्हणाली, "पप्पा, हलू नका." गपकन हात खाली.
मी गॅलरीतून बघतोय. दोन ओळी झाल्यात म्हणे. मला दाखवायला तयार नाही.
शाळेची बस यायला अजून थोडा वेळ आहे.