सगळ्या आल्या होत्या

कात्रज,
१७ फेब्रुवारी २०२६

ती. अक्कांना,
धाकट्या जावेचा नमस्कार.

ऋषीच्या क्वार्टरमध्ये करमतंय का? खडकीला थंडी जास्त, म्हणून स्वेटर पाठवलाय. तुमच्या तुळशीला पाणी घालते. मांजर मात्र माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. तिला माणसं बरोबर कळतात.

फोन करत नाही, कारण तुम्ही "असू दे गं" म्हणाल आणि मी लगेच असू देईन. माझा स्वभाव मला ठाऊक आहे.

गावात बायकांच्या रक्तदाबाचं संशोधन चाललंय, त्यात गावातर्फे सल्ला देणारी बाई मी. डॉक्टर आम्रपाली म्हणाल्या, बायका तपासणीला येतच नाहीत, काय करू या? मी ऐटीत सांगितलं, संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्या घरी ठेवते, तिथेच प्रेशरचं मशीन मांडा, रक्ताचे नमुनेही तिथेच घ्या. वाण घ्यायला आलेली बाई कशालाच नाही म्हणत नाही. झालंही तसंच. कुसुम सुईला घाबरत होती, पण नको म्हणायची तिची हिंमत झाली नाही. मी तिचा हात धरला. धीर द्यायला नव्हे, तिने तो काढून घेऊ नये म्हणून.

बोलावणी करायला निघाले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "थोरलीला नगं सांगू. सवाष्णींच्यात बसून तिलाच वाईट वाटायचं." मला तेवढंच निमित्त हवं होतं. तुम्ही ओट्यावर गहू निवडत होतात, मान वर करून हसलात. मी मोबाईलमध्ये बघत पुढे गेले. सासूबाईंवर ढकलत नाही, अक्का. पाय माझे होते. आणि तुम्हीच काय, नवरा गेलेली एकही बाई त्या दिवशी आमच्या घरात नव्हती.

संध्याकाळी डॉक्टरांनी विचारलं, "गावातल्या सगळ्या आल्या ना?" मी म्हटलं, "हो, सगळ्या." मग माझा सत्कार झाला.

पुढच्याच आठवड्यात तुम्ही न्हाणीघरात पडलात. प्रेशर दोनशेच्या वर निघालं. ऋषी म्हणाला, "काकी, आधी कळलं असतं तर आईचं तोंड वाकडं झालं नसतं." मशीन तुमच्या भिंतीपलीकडेच होतं, हे त्याला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. उखाणे ऐकू आले असतीलच. मला रोज लाज वाटते.

काल डॉक्टरांना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "कुणाला बोलावलं नाही, हे मीही विचारायला हवं होतं." संशोधनाच्या रविवारच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर बोलणार आहे. कुसुमला विचारणार आहे, तिचं रक्त ठेवायचं की टाकून द्यायचं. सासूबाई नंतर माझ्याशी बोलतील का, सांगता येत नाही.

राहिलेल्या बायकांकडे आता घरोघरी जायचं ठरलंय. तुम्हाला या संशोधनात यायचंय का? नाही म्हणालात तरी चालेल. माझ्या रागाने नाही म्हणालात तरी चालेल. औषधपाणी ऋषी बघतोच आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही. पण तुमचं उत्तर येईपर्यंत तुमच्या वतीने मी कुणाला काहीही सांगणार नाही.

तुमची,
तेजस्विनी

नावाआधी सौ. लिहायचं विसरले नाही. लिहिलं नाही.