एसीच्या खोलीतला आकडा

जरीपटका, नागपूर
१८ मे २०२५

चि. उत्तरास,
धम्मानंदमामाचा सप्रेम जयभीम, वि. वि.

फोनवर बोलायले तोंड नाही, म्हणून लिहून राहिलो. हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायची मशीन तू आमच्या गच्चीवर ठेवून पुण्याले गेली. एप्रिलात ऊन चव्वेचाळीसवर गेलं. भाचीची महागाची वस्तू उन्हात जळून राहिली, असं वाटून मी ती उचलून एसीच्या खोलीत ठेवली. दारं-खिडक्या बंद, अन् दुपारभर आम्ही पाच जण आत लोळत! काल मशीनच्या खोक्यात तुझी चिठ्ठी सापडली, की बंद खोलीत ठेवू नका, श्वासानंच आकडा चढते.

वॉर्डाच्या सभेत तू व्हिडिओवरून ते आकडे वाचले, तेव्हा मी पहिल्या रांगेत छाती फुगवून बसलो होतो वं. दुसऱ्याच दिवशी कॉलनीवाल्यांनी चौकातला लहानूचा कोळशाच्या इस्त्रीचा ठेला हटवला. वीस वर्षांचा ठेला! आकडा आमच्या श्वासांचा, अन् भोगलं त्यानं. मले घराबाहेर पडायची शरम वाटते.

सरितामामीचा आशीर्वाद. पाहिजे तेवढं रागव, पण माया तोडू नको.

तुझा,
मामा


पुणे
२४ मे २०२५

ती. मामाजींना,
उत्तराचा सविनय जयभीम.

तुमची चूक मायेपोटी झाली. माझी तशी नाही. मशीनचा आकडा मला इथे फोनवर दिसायचा. तो रोज दुपारी अकराशेच्या वर जायचा आणि संध्याकाळी दार उघडलं की झरझर खाली यायचा. मोकळ्या हवेत तो चारशे-साडेचारशेच्या आसपास असतो. हे बंद खोलीचं लक्षण आहे, हे मला पहिल्याच आठवड्यात दिसलं होतं. तुम्हाला एक फोन काहून केला नाही? मोठा आकडा मला हवा होता, मामाजी. माझ्या संशोधनाचे मार्गदर्शक सर खूश झाले होते.

आणि सभेत कोणीतरी ठेल्याकडे बोट दाखवलं तेव्हा मी गप्प बसली. हा उन्हाळा लहानूदादाच्या निखाऱ्यांनी वाढत नाही. गाड्या, कारखाने, कोळशावरची वीज केंद्रं, म्हणजे आपल्या एसीचीही वीज, यांतून निघालेला हा वायू शेकडो वर्षं वर साचून राहतो आणि धरतीची उष्णता अडवून धरतो. हे मी पोरांना शिकवते! स्वतःचीच किळस आली मला.

सरांना सगळं खरं कळवलं. महिन्याभराचं काम रद्द झालं, ते बरंच झालं. तुम्ही आधी लहानूदादाला भेटा.

मामींना नमस्कार. पूर्वीसारखाच जीव लावाल ना?

तुमची,
उत्तरा


जरीपटका, नागपूर
१ जून २०२५

चि. उत्तरास,
मामाचा जयभीम.

काल लहानूच्या घरी गेलो. मान खाली घालून सगळं सांगितलं. वाटलं, चार शिव्या घालीन. खाल्ल्या असत्या वं! पण तोच हात जोडून माफी मागून राहिला होता.

त्याच्या शेजारची म्हातारी अंजनाबाई मागल्या महिन्यात ऊन लागून गेली. सभेपासून त्याच्या मनानं घेतलं, की गर्मी आपल्याच कोळशानं वाढली अन् म्हातारी आपल्यापायी मेली. तिच्या दारावरून जायची त्याची हिंमत होत नाही, लांबच्या गल्लीतून फिरून जाते. मी परोपरीनं सांगितलं, की तुझ्यानं नाही गेली ती. त्याले पटे ना. म्हणे, मामाजी, तुम्ही भले माणूस म्हणून असं बोलता, पण शिकलेली पोरगी खोटं कशाले सांगीन?

रविवारी पुन्हा सभा आहे, ठेल्याचं तिथं पाहू. पण तू त्याच्या आधी ये, उत्तरा. त्याच्या घरी ये. माझ्या तोंडचं त्याले खरं वाटत नाही.

वाट पाहून राहिलो.

मामा