माझा आवाज माझ्याबरोबर जावा

मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, धंदा समारंभांत मोठे पडदे आणि स्पीकर उभारण्याचा, मुक्काम काम नेईल तिथे, घरी आणि कामावर 'भोवरा' म्हणून ओळखला जाणारा, आज पूर्ण शुद्धीत आणि पोटभर जेवून हे लिहून ठेवतो. कुणी लिहायला लावलेलं नाही. बुधवारी माझ्या मानेतली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, किरकोळ आहे. मग एका कागदावर माझी सही घेतली. जीव जाऊ शकतो हे त्यावर छापलेलंच होतं. आवाज जाऊ शकतो हे मात्र त्यांनी पेनाने लिहिलं. तेव्हापासून झोप उडाली आहे.

एक. माझी मोटारसायकल, पान्यांची पेटी आणि दोरखंड लंबूला द्यावेत. लंबू म्हणजे माझा कामातला जोडीदार. मी वर चढतो, तो खाली दोर धरतो. मोटारसायकलचा हॉर्न वाजत नाही. तो दुरुस्त करू नये, जगात आवाज पुरेसा आहे.

दोन. चांगले हेडफोन माझ्या घरमालकीण मावशींना. त्या शिवणकाम करतात आणि मशीनच्या वर आवाज चढवून मालिका ऐकतात. मालिकेत बाई दार उघडते तर तीनदा उघडते, आणि तिन्ही वेळा वीज कडाडते. मी एकदा म्हणालो, "मावशी, त्या दाराला तेल घाला म्हणावं." त्या म्हणाल्या, "तू बघू नकोस ना मग, मेल्या!" बघत नव्हतोच. भिंत पातळ आहे.

विषय कुठच्या कुठे गेला. तीन. बँकेत जे काही असेल ते आईला.

चार. माझ्या मरणाचा व्हिडिओ करू नये. माझा फोटो ढगांत बसवू नये आणि मागे ते रडकं व्हायोलिन लावू नये. हरवलेलं कुत्रं, म्हातारा शिक्षक, बुटांची जाहिरात, सगळ्यांना तेच एक व्हायोलिन. काकांना शेवटचं उचललं तेव्हा एक जण आम्हाला म्हणाला होता, "जरा खाली ठेवून परत उचला, फोन आडवा धरायचा राहिला." आम्ही चौघंही त्याच्याकडे बघत राहिलो. त्याने तेही घेतलं.

पाच, आणि हेच खरं कलम. माझा आवाज कुणीही मशीनवर बनवू नये. कुणीही म्हणजे दादाने.

दादाच्या लग्नात पडदा मीच उभारला होता. त्यावर अचानक बाबा आले. बाबा आदल्या वर्षीच गेले होते. म्हणाले, "बाळांनो, सुखी राहा." बाबांनी जन्मात आम्हाला बाळांनो म्हटलं नाही. ते गाढवांनो म्हणायचे आणि त्यातच सगळं यायचं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई खुर्चीतून उठली, केस सारखे केले आणि पडद्याला म्हणाली, "हो."

आता दादाने मशीनवर बनवलेले ते बाबा आईच्या फोनमध्ये राहतात. गोळ्या घे म्हणतात, पाऊस येईल म्हणतात. मी फोन केला की आई म्हणते, "थांब रे, ते बोलतायत. तुला नंतर लावते." मी दादाला म्हणालो, हे बरं नाही. तो म्हणाला, "तिला बरं वाटतं, तुझ्या पोटात का दुखतं? तू जातोस का तिच्याकडे?" वाईट माणूस नाही तो. गाठीचं कळल्यावर त्यानेच फोन केला. "तू काळजी करू नकोस. तुझे सगळे मेसेज मी जपून ठेवलेत. काही झालंच, तर आईला कळूसुद्धा देणार नाही."

मला घाम फुटला. कारण त्याला ते जमेल. आईपुरता मी आवाजच उरलोय. माझ्या जागी मशीन बोललं, "कामात आहे गं, पुढच्या महिन्यात येतो," तर तिला फरक कसा कळणार? मी तरी दुसरं काय बोलतो?

सहा. म्हणून मी गेलो, तर लंबूने आईकडे जायचं. फोन नाही, मेसेज नाही. समोर बसून सांगायचं. मी राहिलो आणि फक्त आवाज गेला, तरी माझ्या नावाने मशीनने तिच्याशी बोलू नये. जिवंतपणीचं मृत्युपत्रात चालत नाही म्हणे, पण मी लिहितो आहे.

हे लंबूला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आणि तिलाच हवा असला तुझा आवाज, तर? तिला विचारलंस?"

म्हणून लगेच फोन लावून विचारलं. "आई, ते बाबा नाहीत, कळतं ना तुला?"

"मला काय खुळी समजतोस?" आई म्हणाली. "पण सकाळी घरात कुणी बोललं की चहा करावासा वाटतो. नाहीतर कुणासाठी करू?"

मी गाठीचं सांगणारच होतो. तेवढ्यात त्याच फोनमधून बाबा म्हणाले, गोळीची वेळ झाली. तिने फोन ठेवला.

सात. पाचव्या कलमात बदल. सगळं कळल्यावर आईने स्वतःहून मागितला, तर माझा आवाज तिला द्यावा. फक्त तिला. त्याला माझ्यापेक्षा शहाणं करू नये. पण मी गेलो, हे आधी सांगायचं. तिचं रडून होईपर्यंत लंबूने तिथून उठायचं नाही, आणि तोवर तो फोन, आतल्या बाबांसकट, बंद ठेवायचा.

सही: भोवरा (ओळखपत्राची प्रत सोबत जोडली आहे)

साक्षीदार पहिल्या: मावशी, शिवणकाम. यांना सगळं वाचून दाखवलं. मध्येच उठून आत गेल्या, परत येऊन सही केली.

साक्षीदार दुसरा: लंबू, पडदे आणि स्पीकर. याने सहीआधी अट घातली की मंगळवार रिकामा आहे, तेव्हा आधी मी स्वतः आईकडे जाऊन गाठीचं सांगावं. अट मान्य.

ठिकाण: मावशींची मागची खोली. वार: सोमवार.