पाहुणा रोज दोनला येतो

सोमवार, २ सप्टेंबर

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाच्या आरंभाची नोंद कुणीतरी ठेवायला हवी. माझ्या कामाची मीच ठेवलेली बरी.

कुलगुरूंनी बोलावलं. विद्यापीठाचं ऑनलाइन शिक्षणाचं धोरण लिहायचं आहे, महिनाअखेर विद्यापरिषदेपुढे मांडायचं आहे. पसंत पडलं तर ऑनलाइन विभाग सुरू होणार, आणि विभाग म्हटला की संचालक आलाच. 'संचालक' म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. संख्याशास्त्रवाले सर म्हणतात, तुमच्या मागे भिंतीवर घड्याळ आहे. असेल. पण पाहिलं.

संचालकाला स्वतंत्र खोली मिळते. दार असलेली! गेली कित्येक वर्षं मी स्टाफरूममध्ये सरांच्या समोर, एकाच टेबलावर भूगोल शिकवण्याची तयारी करते आहे. त्यांच्या डब्याचं झाकण रोज माझ्या हद्दीत येतं.

घरी सांगितलं. नवरा 'वा!' म्हणाला आणि आईंच्या खोलीतला पंखा पुसायला स्टुलावर चढला. दोन पाती पुसली, फोन आला, उतरला. तिसरं रविवारी म्हणे. सासूबाईंनी विचारलं, "ऑनलाइन म्हणजे आता तू घरी असशील?" म्हटलं, आई, उलट आता तर मुळीच नसेन. त्या आणखी काही सांगत होत्या. नंतर ऐकते म्हटलं.

बुधवार, ४ सप्टेंबर

धोरणाचं काम धडाक्यात. दिवसभर नाव ठरवलं. 'झेप' जुनं वाटलं, 'भरारी' नावाची बेकरी आहे. शेवटी 'भिंतींपलीकडे'. अंगावर काटा आला. मग फॉन्ट निवडला. मुखपृष्ठ तयार. आतला मजकूर तेवढा राहिला.

सोमवार, ९ सप्टेंबर

माझा ठाम सिद्धान्त: आधी केले, मग सांगितले. म्हणून नमुन्यादाखल माझं स्वतःचं एक व्याख्यान रेकॉर्ड केलं. 'मातीचे थर'. पाऊण तास. नकाशांच्या कोठारात, दाराला सतरंजी लावून. प्रत्येक थर संपला की मी थांबते, कॅमेऱ्यात बघते आणि विचारते, "आहात ना माझ्याबरोबर?" याला इंटरॅक्शन म्हणतात.

संख्याशास्त्रवाल्या सरांनी थोडं ऐकलं. म्हणाले, आवाज छान आहे मॅडम, विषय मातीत गेला नाही म्हणजे झालं. विषय मातीचाच आहे. त्यांना कुठलं कळायला.

पोर्टलवर चढवलं. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना लिंक गेली. नाव न नोंदवता कुणी आलं तर पोर्टल त्याला 'पाहुणा' म्हणतं. गोड आहे. संध्याकाळी मी स्वतः पाहुणा होऊन, विद्यार्थ्याच्या नजरेतून तपासणी केली. आईंचा टॅब घेतला. नणंदेने व्हिडिओ कॉलसाठी दिलाय, एरवी पडूनच असतो. पोर्टलने एकेक विचारलं. कॅमेरा वापरू? माइक वापरू? नेहमीसाठी? होय, होय, होय. अटी वाचत बसलं तर शिक्षण कधी होणार?

माझा पहिला 'नमस्कार' ऐकला आणि दूध उतू गेलं. टॅब आईंच्या पलंगावर तसाच राहिला.

आईंची जुनीच तक्रार, दुपारी डोळा लागत नाही. बाबा होते तेव्हा जेवणानंतर त्यांना पेपर मोठ्याने वाचून दाखवायचे. अग्रलेखापर्यंत आई घोरायला लागत आणि बाबा उरलेला पेपर भिंतीला वाचून दाखवत. बाबांना जाऊन वर्ष होईल. डॉक्टरांना विचारू म्हटलं. हे महिनाअखेरचं झालं की.

गुरुवार, १२ सप्टेंबर

पहिली आकडेवारी हाती. साठ मुलांनी व्याख्यान उघडलं. बहुतेक सगळी पहिल्या मिनिटात निघून गेली. कारणं स्पष्ट आहेत: नेटचा वेग, हल्लीचे मोबाइल, हल्लीचे आईवडील. सरांनी आलेख पाहिला. म्हणाले, हा आलेख नव्हे मॅडम, हा कडा आहे. खाली दरी.

पण! एक जण! 'पाहुणा क्रमांक एक'. मंगळवारी, बुधवारी आणि आजसुद्धा, दुपारी दोनला येतो आणि पाऊण तास शेवटपर्यंत थांबतो. काहीही पुढे ढकलत नाही. मध्ये मी पाणी प्यायलेय, तेही त्याने तीन वेळा पाहिलं.

सरांना दाखवलं. नुसतंच डब्याचं झाकण पुसत बसले. हेवा माणसाला मुका करतो.

मंगळवार, १७ सप्टेंबर

पाहुण्यात खंड नाही. फक्त शनिवार-रविवार येत नाही. किती शिस्त! आठवड्याची सुट्टी पाळणारा विद्यार्थी मी आयुष्यात पाहिला नव्हता, आठवडा पाळणारा तर नाहीच.

तो मला आता डोळ्यांपुढे दिसतो. सकाळी कुठेतरी नोकरी करत असणार. दोनला जेवणाची सुट्टी. कोपऱ्यात बसतो, कानात हेडफोन, गुडघ्यावर वही. सहकारी पत्ते खेळायला बोलावतात. तो मान हलवतो. त्याला मातीचा चौथा थर पाहायचा असतो.

धोरण नव्याने लिहायला घेतलं. आता सगळं त्याच्याभोवती. शिफारस एक: सर्व विषयांची व्याख्यानं दुपारी दोनला. शिफारस दोन: सर्व व्याख्यानं पाऊण तासाचीच, संथ लयीत. शिफारस तीन: सर्व प्राध्यापकांना माझ्यासारखं बोलण्याचं प्रशिक्षण. (देणार: मी.)

रात्री जेवताना नवरा त्याच्या ऑफिसातल्या भांडणांचं सांगत होता. आई एकदम म्हणाल्या, "सगळी वळवळ वरच्याच थरात रे. खाली खडक शांत असतो." काय विचार आहे! वय माणसाला किती खोल नेतं. हे धोरणाच्या सुरुवातीला वचन म्हणून घालावं का? हल्ली त्या दिसतातही टवटवीत. चारला उठून स्वतः चहा करतात. डॉक्टर बारगळले, बरं झालं.

सोमवार, २३ सप्टेंबर

डोकं दुखत होतं, रजा टाकली. घरी पडून शिफारस नऊ लिहिली. आई दारात तीनदा येऊन गेल्या. "तू आज जाणार नाहीस?" मग, "अर्धा दिवस तरी जाशील?" मग दोन वाजता, "डोकं कसं आहे? उतरलं असेल ना?" माझ्या करिअरची इतकी काळजी माझ्या आईलाही नव्हती. थोड्या वेळाने येऊन म्हणाल्या, "अगं, तुझं ते जे आहे ना, मातीचं..." म्हटलं, आई, नंतर. डोकं.

संध्याकाळी पोर्टल पाहिलं आणि थक्क. आज पाहुणा आलाच नाही! मी नव्हते, तो नव्हता. कुठेतरी तार जुळली आहे. गुरुशिष्याचं हे नातं आकड्यात बसत नाही. सरांना सांगितल्यावर ते म्हणतील, आकड्यातच बसतं. म्हणून सांगणार नाही.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

निर्णय! सोमवारी विद्यापरिषदेत कागद वाचून दाखवणार नाही. पाहुणाच दाखवणार. बैठक दीडला सुरू होते. माझं बोलणं रंगात येईल तोवर सव्वादोन, म्हणजे तो हजर. पोर्टलवर 'थेट भेट' नावाचं बटण आहे. शिक्षकाने दाबलं की विद्यार्थी समोर. संगणक विभागाच्या मॅडमना विचारलं, त्याची परवानगी? त्या म्हणाल्या, त्याने पहिल्याच दिवशी सगळ्याला होय म्हटलंय. असा विद्यार्थी! कशालाच नाही म्हणत नाही!

सर म्हणाले, मॅडम, एका विद्यार्थ्यावरून निष्कर्ष काढत नसतात. मी म्हटलं, चंद्रही एकच असतो. ते म्हणाले, म्हणूनच तिथे कॉलेज काढत नाहीत.

दुपारी संचालकांची खोली पाहून आले. सध्या मोडक्या खुर्च्या आहेत, पण दार लागतं. दोनदा लावून पाहिलं. आत किती शांतता! पडद्याचं माप घेतलं. आईंना विचारलं, हिरवा की निळा? त्या म्हणाल्या, "मातीचा रंग घे. सोमवारी दुपारी नाहीस ना घरी?" नाही म्हटल्यावर चेहरा खुलला. माझ्या यशाने त्यांना होणारा आनंद लपत नव्हता.

सोमवार, ३० सप्टेंबर, सकाळी

उत्तम झोप. स्लाइडशी जुळणारे निळे कपडे. निघताना नवरा म्हणाला, बेस्ट लक. आई म्हणाल्या, "लवकर नको येऊस." हा खरा आशीर्वाद. निघाले.

सोमवार, ३० सप्टेंबर, संध्याकाळी

पंख्याचं तिसरं पातं अजून पुसलेलं नाही.

मंगळवार, १ ऑक्टोबर

काल लिहवलं नाही. आज रजेवर आहे, लिहिते.

सुरुवात झकास झाली. मुखपृष्ठावर कुलगुरू थांबले, फॉन्टचं कौतुक केलं. मी कड्याचा आलेख झटकन पुढे सरकवला आणि पाहुण्यावर आले. त्याची नोकरी, त्याचे हेडफोन, गुडघ्यावरची वही. कुलसचिवांनी चष्मा पुसला. सव्वादोन वाजले. म्हटलं, आता भेटू या आपल्या विद्यापीठाच्या भविष्याला. बटण दाबलं.

भिंतभर पडद्यावर एक पंखा आला. बंद होता, तरी संथ वरखाली डुलत होता. दोन पाती स्वच्छ. तिसरं काळं.

मला वाटलं, योगायोग. जगात अर्धे पुसलेले पंखे पुष्कळ असतील. मग आवाज आला. खोल, लयीत, शेवटी बारीक शिट्टी. ही शिट्टी मी एकवीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकत आले आहे. घोरण्यामागे माझाच आवाज, 'आता तिसऱ्या थराकडे वळू.' संख्याशास्त्रवाले सर खाली वाकून बुटाची लेस बांधायला लागले. त्यांच्या पायात सँडल होती.

मी घाईने काहीतरी दाबलं, तर माझं व्याख्यान थांबलं. घोरणंही थांबलं. पडदा हलला. पंखा गेला, हनुवटी आली, मग एक डोळा. "अगं, थांबलीस का? बोल ना!" मग त्यांना सभागृह दिसलं असावं. "अगंबाई, एवढी माणसं? आधी सांगायचं नाही का? चहा ठेवू?"

सगळे हसले. कुलगुरूंनी पडद्याला नमस्कार केला. म्हणाले, आजी, रोज ऐकता का व्याख्यान? कसं वाटतं?

आई म्हणाल्या, "फार छान. आमचे हे गेल्यापासून दुपारी डोळा लागत नव्हता. हिचा आवाज लावला की लागतो." मग त्यांना वाटलं असावं, सुनेचं आणखी कौतुक केलं पाहिजे. "घरी ही इतकं सलग कुठे बोलते हो. कामं असतात तिला. 'नंतर आई, नंतर आई.' यात कशी शांतपणे बोलते. मध्ये मध्ये विचारतेसुद्धा, 'आहात ना माझ्याबरोबर?' मी म्हणते, आहे गं बाई. कुठे जाणार?"

आता कुणीच हसत नव्हतं. मला कुणीतरी हसलेलं चाललं असतं.

बटण कुणी बंद केलं माहीत नाही. बाहेर आल्यावर सर म्हणाले, मॅडम, आज माती खाल्लीत. पण एवढ्या प्रेमाने कुणाला खाताना पाहिलं नव्हतं.

घरी आले तर आई विचारत होत्या, "बरी झाली ना मीटिंग? मी नीट बोलले?" हो म्हटलं. छान बोललात.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

पत्र आलं. धोरण 'पुढील अभ्यासार्थ' ठेवलं आहे. मुखपृष्ठ मंजूर. अभ्यास करणार संख्याशास्त्रवाले सर, प्रभारी संचालक म्हणून. खोलीही त्यांना. त्यांनी दुपारी सामान हलवलं. जाताना विचारलं, झाकण आठवण म्हणून ठेवू का? ठेवा म्हटलं.

म्हणजे आता टेबल पूर्ण माझं. हेच मला पहिल्यापासून हवं होतं.

शनिवार, ५ ऑक्टोबर

सुट्टी. नवऱ्याने तिसरं पातं पुसलं. आता तिन्ही सारखी दिसतात, आपलं घर ओळखू येत नाही.

दोन वाजता आई टॅब घेऊन माझ्या दारात. "तू घरी आहेस, म्हणून लावलं नाही. तुझं तुलाच ऐकवायचं, बरं दिसत नाही. पण आज फार जड जातंय गं." टॅब काढून घेतला. म्हटलं, आई, आज प्रत्यक्ष. थेट भेट. ऑनलाइन शिक्षणाची ही पुढची पायरी आहे, हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. नवीन धोरण आत्ताच सुचलं.

पलंगावर त्यांच्या शेजारी आडवी झाले. 'नमस्कार, विद्यार्थी मित्रहो.' आई हसल्या. पहिला थर: पालापाचोळा, मुळं, सगळी वळवळ. "आहात ना माझ्याबरोबर?" "आहे." दुसरा थर सांगताना पंखा बघत होते. त्या हळूच म्हणाल्या, यांचा अग्रलेख असाच असायचा, कळायचा नाही, पण बरं वाटायचं. म्हटलं, आई, प्रश्न शेवटी. तिसऱ्या थराशी पुन्हा विचारलं, "आहात ना?"

"आहे" ऐकल्याचं आठवतं. त्यापुढचं नाही.

जाग आली तेव्हा चार वाजून गेले होते. अंगावर त्यांची शाल. उशाशी चहा. आई खुर्चीत ताठ बसून माझ्याकडे बघत होत्या. मी विचारलं, लागला का डोळा?

म्हणाल्या, "कसला लागतोय! तूच झोपलीस तिसऱ्या थराला. मग मी जागी राहिले. तास चालू असताना कुणीतरी जागं हवं ना."