चोपणातलं धान

सर,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा राग काही जात नाही. शोकसभेत सगळे तुम्हाला देवमाणूस म्हणत होते, आणि मी मागच्या खुर्चीत दात आवळून बसले होते. माझ्या धानाचं तुम्ही काय केलंत ते त्यांना कुठे ठाऊक.

महागावकडचा तो नहराखालचा चोपण, क्षारानं बिघडलेला तुकडा. ओला असला की साबण, वाळला की खापर. तसल्या जमिनीतही दाणा भरेल असं वाण मला काढायचं होतं, आणि त्यासाठी जमीन वाईटच हवी. कच्ची रोपं मेल्याशिवाय दमदार कोणती ते कळत नाही. हे तुम्हीच शिकवलंत. मी सकाळीच चिमट्यानं एकेका फुलातले पुंकेसर काढायची, लोंबीला कागदी पिशवी घालायची, ऊन चढलं की दुसऱ्या लोंबीचे पराग त्यावर झटकायची. मान मोडून यायची. तुम्ही बांधावरून म्हणायचात, "हात काहून थरथरून राह्यले तुहे? फूल हाय ते, काटा नाही." शाबासकीचा शब्द कधी नाही.

त्या वर्षी रोवणीच्या वेळी मी आईच्या आजारपणामुळे बाभुळगावला होते. परत आले, पीक वाढलं, तर एकही ओळ पिवळी पडेना. मला वाटलं, जिंकले. सगळ्यांना पेढे वाटले. मग रोवणीची एक बाई सहज बोलून गेली, "सरनं चिखलणीच्या आधी जिप्सम टाकाले लावलं न, मॅडम. म्हणून तं एवढं हिरवं." तशीच तुमच्या खोलीत आले. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मोठे साहेब येऊन राह्यले. त्यायले काय मेलेलं धान दाखवू? इज्जत जाते आपली."

इज्जत! जिप्समनं क्षार मारून जमीनच गोड करून टाकलीत, आता त्यातलं दमदार कोणतं नि कच्चं कोणतं, कसं ओळखणार होते मी? तुकड्याचा मालक तेवढा खूश झाला. मला नवी वाईट जमीन शोधून पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. आणि सगळं ठाऊक असून माझा पेढा तुम्ही खाल्लात, सर. तो मी विसरत नाही.

यंदा नव्या तुकड्यात बाकीच्या ओळी करपल्यात आणि एक ओळ दाण्यांनी वाकली आहे. मी स्वतः माती काढून तपासून घेतली, मग पुन्हा तपासली. तुमच्यामुळे हिरव्या रंगावरचा माझा विश्वासच उडालाय. ऑफिसातले म्हणतात, वाणाला सरांचं नाव देऊ. मी तोंडावर नाही म्हटलं, आणि त्याचं मला जराही वाईट वाटलं नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, असता तरी पाठवलं नसतं. पण एक सांगते. तुम्ही असतात तर हाताला धरून तुम्हाला त्या ओळीपाशी नेलं असतं, आणि तुम्ही काय म्हणता याची वाट बघत मुकाट उभी राहिले असते.