एकेचाळीस गाठी

रविवार, ९ मार्च
दुकान, सकाळ

प्रिय पक्कड,

अनेक आशीर्वाद. आम्ही बरे आहोत, तूही बरी असशील. हे वाक्य तुझ्या वहिनीने शेजारी उभं राहून लिहून घेतलं. म्हणाली, "आधी ख्यालीखुशाली लिहा, मग भांडा." झाली ख्यालीखुशाली. माझी कंबर ठीक आहे. वहिनीचा खोकला गेला. दुकानाचं शटर अजून मधेच अडकतं. ते खांद्याने ढकलायचं असतं, हे सांगायला आता इथे दुसरं कुणी नसतं, एवढाच फरक.

सात महिने तू बोलत नाहीस, मीही बोलत नाही. पण माझा राग गेलेला नाही, आणि तो उतरवल्याशिवाय मला पुढचं लिहिता येणार नाही.

दातांच्या डॉक्टरांची ती दोन माणसांची जुनी स्पोर्ट्स कार मी बारा वर्षं सांभाळली. सीटच्या मागे झाकणाखाली बॅटरी, आणि तिच्याभोवती बारा वर्षांत डॉक्टरांना सुचेल ते: अलार्म, रेडिओ, पेट्रोलचा जादा पंप, फोनचं चार्जिंग. मी कंबर धरून दोन आठवडे अंथरुणात, आणि तू तेवढ्यात तिथलं सगळं उपसलंस. का, तर दादाला बरं वाटेल. मला विचारलंस? फोन माझ्या उशाशी होता.

परत आलो तर झाकण उघडून तू बाजूला उभी. चेहरा असा, की जणू नवी सून घर आवरून दाखवतेय. "दादा, आधी काय होतं ते? वायरिंग की भुताच्या जटा?" आत एक काळा डबा, त्यात ओळीने फ्यूज, वायरी विंचरून बांधलेल्या, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला रंगीत पेनांनी काढलेला नकाशा. काम चांगलं होतं. हे तेव्हा म्हणालो नाही, आता लिहितो. डब्याचे स्क्रूसुद्धा सगळे एका दिशेला होते.

पण माझ्या गाठी कुठे होत्या?

त्या प्रत्येक वायरीला मी मेणाच्या दोऱ्याने गाठ मारलेली होती. एक गाठ म्हणजे बॅटरीवरून थेट आलेली, फ्यूज नाही, जपून. दोन गाठी म्हणजे चावी फिरवल्यावर फ्यूजमधून येणारी. तीन म्हणजे दिव्यांची. तू त्या कापल्यास. "जुने दोरे होते, कचरा नुसता," म्हणालीस. मी कचऱ्याचा डबा उपडा करून मोजले. एकेचाळीस गाठी. तुझ्या त्या वायरिंगच्या कोर्समध्ये असं शिकवतात का, की दुसऱ्याने काही बांधलंय तर ते का बांधलं हे विचारायचं नाही? मी कुठल्या वर्गात बसलो नाही. एका मोडक्या रेडिओवर आणि ओरडा खाऊन शिकलो. पण दुसऱ्याची खूण पुसायच्या आधी मी दहा वेळा विचार करतो.

तेव्हा मी तुला एवढंच म्हणालो, "ज्याचं काम त्याला करू द्यावं," आणि नकाशा ओढून फाडला. तू विचारलंस, "दादा, पण चुकलं काय माझं?" मी तुकडे खणात कोंबले.

त्याच दुपारी, तू जेवायला गेलीस तेव्हा, डॉक्टरांच्या गाण्याच्या मशीनची वायर मी जोडली. चावी काढली की मशीन बंद व्हायला हवं, म्हणजे ती फ्यूजमधून येणाऱ्या वायरीवर जायला हवी होती. समोर दोन वायरी शेजारी शेजारी, दोन्ही नव्या, दोन्ही गुळगुळीत, गाठ कुठेच नाही. मी टेस्ट लॅम्प लावला. चावी चालूच होती, त्यामुळे दोन्हींवर दिवा लागला. चावी बंद करून परत बघायला दोन सेकंद लागतात. थेट वायरीवर दिवा लागलेला राहतो, दुसरीवर विझतो. हे मी तुलाच शिकवलंय. पण मी रागात होतो, आणि तुझ्या कामाची पारख करत बसायची मला लाज वाटत होती. एक वायर उचलली आणि जोडली. तीच थेट बॅटरीची निघाली.

पुढचं तुला डॉक्टरांकडून कळलं, तेही अर्धंच. नव्या मशीनची वायर सीटच्या पट्टीखाली दाबली गेली. तीही मीच सरळ ओढलेली नव्हती. आठ दिवसांत सीट पुढेमागे होऊन ती सोलली आणि पत्र्याला लागली. फ्यूज असता तर एक फ्यूज उडाला असता आणि गाणं बंद पडलं असतं, बस. तिथे फ्यूजच नव्हता. गालिचा धुमसायला लागला. डॉक्टरांनी रस्त्याकडेला गाडी थांबवून चावी काढली, तरी धूर थांबेना. त्यांनी हाताने बॅटरीची पट्टी ओढून काढली. उजवा अंगठा आणि दोन बोटं भाजली. दात काढणाऱ्या माणसाची बोटं. महिनाभर दवाखाना बंद.

"चावी काढली तरी धूर थांबेना," असं ते दुकानात येऊन म्हणाले, त्या क्षणी मला कळलं. चावी काढल्यावरही जिवंत राहते ती एकच वायर. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या बहिणीने नवं काम केलं होतं ना?" मी हो म्हणालो नाही. नाही असंही म्हणालो नाही. "बघतो," म्हणालो.

आणि तू आलीस, म्हणालीस, "मला ती वायर दाखव." मी जळकी वायर खिशात ठेवून तुझ्या वहिनीदेखत म्हणालो, "शिकलेल्यांनी हात लावला की असं होतं." तू तुझी सोल्डरिंग गन घेतलीस, बाकी काही नाही, आणि गेलीस.

इथून गेल्यावर तू ज्या कारखान्यात लागलीस, तिथल्या फोरमनचा काल फोन आला. वायरिंगच्या विभागाची जबाबदारी तुझ्याकडे द्यायचं त्यांच्या मनात आहे, पण डॉक्टरांची गोष्ट त्यांच्या कानावर गेलीय. मला विचारलं, "स्पष्ट सांगा, चूक तिच्या हातची होती का?" मी म्हणालो, लिहून कळवतो. तुझी वहिनी भाजी चिरत होती. तिने मान वर न करता विचारलं, "त्यात लिहून कळवण्यासारखं काय आहे हो?"

तर ऐक. मला हिरवा आणि तपकिरी एकच दिसतात. तांबडाही त्यांच्याच शेजारी बसतो. शाळेत मी झाडाची पानं तपकिरी रंगवली आणि मास्तरांनी वही वर्गभर फिरवली, त्या दिवसापासून हे आईखेरीज कुणाला माहीत नाही. वायरिंगच्या धंद्यात तीस वर्षं काढली मी, अशा डोळ्यांनी.

तू सहा वर्षांची होतीस, माझी पक्कड हातातून सोडायची नाहीस म्हणून तुझं नावच पक्कड पडलं, तेव्हा तुला बाकावर बसवून एकेक वायर दाखवत मी विचारायचो, "ही कुठली गं?" तू ओरडायचीस, "हिरवी!" लोक म्हणायचे, भाऊ बघा, बहिणीला खेळता खेळता रंग शिकवतोय. मीही तेच सांगत आलो. तू कोर्सला गेलीस, आणि दुसऱ्या आठवड्यात मी मेणाचा दोरा आणला.

काल तो फाडलेला नकाशा खणातून काढून जोडला. तुझ्या प्रत्येक रंगीत रेघेशेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं आहे: तपकिरी, थेट. हिरवी, फ्यूजमधून. मी वाचलाच नव्हता. रंग दिसले आणि फाडला. नकाशात रंग असताना रंगाचं नाव कोण लिहितं, पक्कड? तुला माहीत होतं का? याचं उत्तर कळवू नकोस. कळवलंस तर मला राग येईल.

फोरमनना पत्र आज सकाळीच पेटीत टाकून आलो, हे लिहायला बसण्याआधी, म्हणजे मला माघार घ्यायला जागा राहू नये. त्यात डोळ्यांचंही लिहिलंय. डॉक्टर मंगळवारी गाडी घेऊन येताहेत. त्यांना तोंडावर सांगेन. मग त्यांनी गाडी माझ्या दुकानात ठेवायची की नाही ते त्यांनी ठरवावं. जळकी वायर सोबतच्या पाकिटात आहे. तू बघायला मागितली होतीस.

गाठी कापल्याचा राग मात्र तसाच आहे. तो मी सोडणार नाही. तू विचारायला हवं होतंस. आणि मी सांगायला हवं होतं.

तुला रंग शिकवले असं सगळ्यांना सांगत आलेला, आणि ते तुझ्याच तोंडून ऐकत आलेला,
दादा