परत वळणारं रक्त

स्मृति नगर, भिलाई
ता. १२ फेब्रुवारी २०२५

रश्मी पोरी,

आजीचा आशीर्वाद. नागपूरले थंडी कमी झाली का? डब्बा तसाच वापस आणत नको जाऊ. इकडं समदे बरे हाये, एक तुह्या आबाले सोडून. त्याचं तुले प्रफुल्लमामानं फोनवर सांगतलंच. मामाले जे माहीत नाही, ते मी लिहून राहिली. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर हाये, डोळे फोडून वाच.

आबाच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती, ते जांघेतून तार घालून काढली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीण मॅडमनं मले कम्प्युटरवर हालता फोटो दाखवला, गाठ काढायच्या आंधीचा. काळ्याभोर अंधारात पहिले जाड्या फांद्या उजळल्या, मंग हळूहळू बारीक शिरा, साऱ्या वापस वळून राहिल्या. उन्हाळ्यात पुलावरून शिवनाथ नदी दिसते ना, रेतीतून वाट काढत, तशा. ए.सी.च्या गारव्यात माहा डोळा लागला का काय, आबा त्या पाण्यात धोतर खोचून उभा दिसला. तोंड हालून राहिलं, आवाज नाही.

मॅडम म्हणे, "अम्मा, खून जाता है वो सब देखते हैं. मैं देखती हूँ, लौटता है कि नहीं."

बरोबर बोलली बाई. नळ जोरात आला म्हणून मोरी वाहातेच असं नाही. आबाच्या मेंदूच्या डाव्या बाजूच्या शिरा चांगल्या भरून होत्या. गेलेलं बोलणं वापस येऊ शकते, पण ग्यारंटी नाही म्हणे.

आता आयक. अकरा दिवसांपासून आमचा अबोला होता. तुह्या दुसऱ्या आजीसमोर बुढा म्हणे, पाटोडीच्या रश्श्याले चव नाही. मंग मी कायले बोलू? ताट आपटाव, त्यानं जेवाव, बस. गुरुवारी सकाळी साडेआठले चहा देला. उजव्या हातातून कप पडला. तोंडातून नुसतं ऊं ऊं. म्हटलं, पाय याचं नाटक, मी बोलाव म्हणून करून राहिला. फरशी पुसली अन् भाजी निवडत बसली. त्याच्या समोरच. दहाले मामा ड्यूटीवरून आला, तवा समजलं.

दवाखान्यात विचारलं, "आखरी बार ठीक कब थे?" मामा बाजूलेच उभा. मी म्हटलं, "दस बजे."

परवा मॅडमले एकटीले गाठून खरी वेळ सांगतली. मंग मॅडम म्हणे, "नसें भर रही थीं, इसलिए हाथ लगाया. पर पहले आते तो और अच्छा था."

दीड घंटा, पोरी.

बोलणं आलं तं पहिले माह्यावरच येईन. येऊ दे. आता मी दिवसभर त्याच्याशी बोलतो, शिव्याबी देतो. तो नुसता पाह्यते. तू रविवारी येशीन तं जे विचाराचं ते मले त्याच्या खाटेपाशीच विचार, बाहेर वऱ्हांड्यात नको. आयकू येते त्याले.

तुही आजी,
कलावती